आज्जीची येणेबाकी

माणूस गेलं की त्याचा स्वभाव सुधारतो. आमची आज्जी गेली तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेराव्यापर्यंत जो जो समाचाराला आला तो तिच्याबद्दल असं काही बोलत होता, की मंडळी घर चुकली असावीत अशी मला शंका यायची. शेजारच्या काकू डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आक्का कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." या काकूंच्या पन्हळीचं पाणी आमच्या अंगणात पडतं यावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं. पुढे पन्हळ गेली, कौलं गेली, तिथं स्लॅब पडला. भांडण मात्र दोघींनी नीट जपून ठेवलं. भजनी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "फार देवभोळ्या." थोरल्या काकांचे एक जुने मित्र, निवृत्त मास्तर, म्हणाले, "पैशाचा मोह म्हणून नव्हता." या मास्तरांचा विषय पुढे यायचा आहे.

पेपरातल्या जाहिरातीनं तर कळस केला. 'प्रेमळ, सोशिक, धर्मपरायण.' काकांना विचारलं, हे कुणी लिहिलं? ते म्हणाले, मजकूर त्यांच्याकडे तयारच असतो, आपण फोटो आणि नाव द्यायचं. त्याच पानावर आणखी तीन प्रेमळ, सोशिक आणि धर्मपरायण माणसं होती, त्यांतल्या एकाला तर मी ओळखत होतो.

म्हणून हे लिहितोय. चौऱ्याण्णव वर्षं एका बाईनं स्वतःच्या मर्जीनं काढली आणि मागे तिची चांगली बाई म्हणून बदनामी व्हावी, हे काही बरं नाही.

तिच्या वयापासूनच वादाला सुरुवात होते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण पोर शाळेत घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची पडायची. खरी खूण वेगळी होती. सांगली संस्थानच्या चिंतामणराव पटवर्धनांनी कृष्णेवर बांधलेला आयर्विन पूल १९२९ साली खुद्द व्हाइसरॉयच्या हस्ते खुला झाला, आणि आज्जी त्याच सुमाराला जन्मली. सगळं गाव पूल बघायला गेलं आणि मी बाळंतिणीच्या खोलीत अडकले, ही रुखरुख म्हणे तिच्या आईला जन्मभर होती. आज्जीनं पुलाशी कायम बरोबरी केली. जड वाहनांना पुलावर बंदी झाली तेव्हा तिनं बातमी दोनदा वाचायला लावली आणि म्हणाली, "थकला बघ. मी अजून दळण आणतो." शेजारी नवा पूल उभा राहायला लागला तर तिला तो स्वतःचाच अपमान वाटला.

आणतो, जातो, पडलो असंच ती बोलायची. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांचं ते रोजचं बोलणं. माझी बायको पुण्याची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आज्जीनं फोन केला, "मी न्हाणीत पडलो होतो, आता बरा हाय." बायकोनं फोनवर हात ठेवून मला विचारलं, "तुझे आजोबा आहेत अजून?"

आजोबा कधीच गेले होते. ते हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सांगलीची हळद म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तिला आता भौगोलिक मानांकन वगैरे मिळालंय, पण जुन्या लोकांचा अभिमान वेगळाच होता: हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खणलेली कोठारं. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. आणि सौदे व्हायचे ते रुमालाखाली. घेणारा आणि अडत्या रुमालाआड एकमेकांची बोटं दाबणार, भाव ठरणार, आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागणार नाही. आजोबा रात्री कीर्द घरी आणायचे आणि आज्जी कंदिलापाशी बसून बेरजा मारायची. त्यातून तिला दोन गोष्टींची गोडी लागली. एक, जमा-नावे लिहिण्याची. दुसरी, जे उघड सांगायचं नाही ते बोटांनी सांगण्याची.

ही दुसरी गोडी पत्त्यांत कामी आली. आमच्या ओसरीवर दुपारी मेंढीकोट चालायचा, आणि तो पैशांवर चालायचा. पैसे दिसायला नको म्हणून चिंचोके. चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, एका बाजूला गेल्या की कोट, आणि कोट झाला की पाच चिंचोके. दिवाळीच्या थंडीत सगळे अंगावर मोठी गोधडी घेऊन, पाय आत घालून बसायचे. आज्जी आणि धाकटी आत्या समोरासमोर, म्हणजे भिडू. दोघींचा डाव सहसा हरायचा नाही. पान उचलताना आज्जी असा चेहरा करायची की बघणाऱ्याला वाटावं, हिच्या हातात नुसत्या दुर्र्या-तिर्र्या आल्यात. बोटं ओली करून पानं हळूच पसरणार, 'अगं बाई' म्हणून सुस्कारा टाकणार, आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसणार. त्या पुसण्याच्या वेळात गोधडीखाली सौदा व्हायचा. हुकूम कुठला हे पायाच्या अंगठ्यानं सांगायचं, मेंढी कुणाकडे हे करंगळीनं.

एकदा माझ्या धाकट्या भावाचा पाय खेळताना मध्येच आला. आत्याला धाडलेला निरोप त्याला पोचला. पोरगं आठ-नऊ वर्षांचं, पण हुशार; त्यानं न बोलता तसं पान टाकलं आणि त्याच्या बाजूला कोट झाला. आज्जी संतापून उठली. पानं फेकली. म्हणाली, "या घरात लबाडी चालायची न्हाई!" भावाला त्या रात्री पंक्तीत सगळ्यात शेवटी वाढण्यात आलं.

देवभोळी म्हणणाऱ्या बाईंसाठी एक तारीख सांगतो. २१ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायला लागला होता. आमच्या गल्लीतली देवळापर्यंतची रांग वळसे घेत गेली होती. आज्जीही पेला घेऊन गेली. तासाभरानं भरलेला पेला तसाच घेऊन परत आली. आईनं विचारलं, "अहो आई, देवाला नाही पाजलं?" आज्जी म्हणाली, "देव पितोय की. पण पुजाऱ्यानं खाली बादली लावलीया, ती आता भरत आलीया. उगीच सांडायला नको." त्या दुधाचा चहा झाला. पहिला कप तिनं देवासमोर ठेवला, हेही खरं. तिचं देवाशी वैर नव्हतं. मधल्या माणसांवर विश्वास नव्हता.

आता २४ जुलै १९४३. सांगलीत या तारखेला मान आहे. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन गणेशदुर्गातल्या तुरुंगातून दिवसाढवळ्या बाहेर पडले, तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि पळाले. दादांच्या खांद्यात गोळी लागली, दोघे साथीदार मारले गेले. आज्जी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती.

मी लहान असताना ती सांगायची, की तांदूळ निवडत असताना बार ऐकू आले आणि वडिलांनी दाराला कडी घातली. मी हायस्कुलात गेलो तोवर ती माडीच्या खिडकीत पोचली होती आणि तिनं पळणारे लोक स्वतः पाहिले होते. माझ्या लग्नाच्या सुमाराला त्यांतला एक जण खिडकीखाली थांबून "ताई, नदी कुठल्या अंगाला?" असं विचारायला लागला, आणि आज्जीनं हात करून दिशा दाखवली. थोरल्या काकांनी शंका काढली, की सांगलीत राहून ज्याला कृष्णा कुठे हे माहीत नाही तो क्रांतिकारक कसला? आज्जी म्हणाली, "गोळ्या सुटल्यावर तू तुझं नाव तरी सांगशील का?" शेवटच्या पाच-सहा वर्षांत तर तिनं पोलिसांना उलट्या दिशेला पाठवलं होतं. मी म्हणालो, "आज्जी, हे कुठल्या पुस्तकात नाही गं." ती म्हणाली, "पुस्तकवाला आलता व्हय मला विचारायला?"

मात्र गेलेल्या दोघांची नावं ती दर वेळी न चुकता घ्यायची. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव. तेवढ्या भागात तिनं एका अक्षराचीही भर कधी घातली नाही.

आणि पुराचं काय सांगावं? सांगलीकराला पाऊस किती मिलिमीटर झाला याच्याशी देणंघेणं नसतं. आयर्विनपाशी किती फूट, एवढंच तो विचारतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. आमचं घर गावभागात, म्हणजे नदीला घरी यायला फार चालावं लागत नाही. नव्वदीतली ही बाई कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि अलमट्टीत पाणी किती अडवून धरलंय हे तोंडपाठ सांगायची. फडक्यात भाकरी बांधताना सांगायची, "पाचशे एकोणीसवर नेऊन ठेवलंय मेल्यांनी," आणि नवख्याला वाटायचं, कुणाच्या बँकेतल्या शिलकीबद्दल बोलतेय.

२००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं. हरिपूरच्या पेवांत पुराचं पाणी शिरलं आणि हळद गेली. आजोबा नव्हते तेच बरं, असं आज्जी त्या वेळी पहिल्यांदा म्हणाली. आम्ही सगळे विश्रामबागला गेलो, ती माडीवरून हलली नाही. स्टोव्ह, रॉकेल, तांदूळ आणि पत्त्यांचा जोड घेऊन राहिली. पाणी उतरल्यावर काका गेले तर ही पेशन्स लावत बसलेली. "एकटीनं खेळायचं म्हणजे लबाडी कुणाशी करायची?" हीच काय ती तिची तक्रार.

२०१९ च्या ऑगस्टात मात्र सत्तावन्न फूट ओलांडले. तेव्हा माडीही कामाची नव्हती. बोट आली. बोटीतला जवान उत्तरेकडचा, चोवीस-पंचवीसचा. त्यानं केशरी जॅकेट पुढे केलं. आज्जी जिन्याच्या पायरीवर बसलेली, पाणी खाली दोन पायऱ्यांवर. तिनं जॅकेट उलटंपालटं करून बघितलं आणि मिरजेच्या बाजारात शिकलेलं हिंदी काढलं.

"तुमकू तैरनेकू आता क्या?"

"हाँ माताजी."

"किदर सीखे?"

"स्विमिंग पूल में, माताजी."

आज्जीनं त्याच्याकडे फार दयेनं पाहिलं. "मय कृष्णा में सीखा. माई घाट पे. भोपळा बांदके." भोपळा म्हणजे काय हे त्याला कळेना. सुकवलेले दुधी भोपळे कमरेला बांधून पोरांना नदीत सोडत, हे त्याला काकांनी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. ऐकून त्या पोरानं जॅकेटच्या बंदाची गाठ पुन्हा एकदा तपासली, स्वतःच्या.

जॅकेट तिनं घातलं, पण अट घातली: ट्रंक बरोबर येणार. ही काळी पत्र्याची ट्रंक म्हणजे आज्जीचं पेव. त्यात काय आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि किल्ली तिच्या कमरेला. जवान म्हणाला, सामान नाही, फक्त माणसं. आज्जी म्हणाली, "मंग मय बी नई." पाणी आणखी बोटभर चढलं. वाटाघाटी झाल्या. शेवटी आज्जी आणि ट्रंक पहिल्या खेपेला गेल्या आणि काका मागच्या खेपेला. काकांचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात. ते अजून सांगतात, "आईनं ट्रंकेला जागा दिली, मला नाही दिली."

पूर ओसरल्यावर मदतीच्या गाड्या यायला लागल्या. मुंबई-पुण्याहून लोकांनी मनापासून पाठवलं होतं: बिस्किटं, मेणबत्त्या, साड्या. आज्जीच्या हातात एक साडी आली. तिनं काठ धरून वार मोजले आणि वाटणाऱ्या पोराला म्हणाली, "पाचच हाईत. वरचे चार वार वाटेत कुणी खाल्ले?" जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला पाचवारी म्हणजे कापड कमी पडलेली साडी. बोटीचा किस्सा मात्र तिनं बरेच महिने कुणालाच सांगितला नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली होती. पुढे कधीतरी परत सांगायला लागली, तेव्हा त्यात जवानाला आपणच वल्हं मारायला शिकवलं, अशी भर पडलेली होती.

त्याआधी, नोटाबंदीच्या वेळी, ती ट्रंक आमच्या माहितीत एकदाच उघडली गेली, तीही दार लावून. आत काय झालं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी पाचशेच्या नोटांची चळत दुधाच्या पिशवीत घालून बँकेत निघाली. रांग रस्त्यापर्यंत. ती थेट पुढे गेली आणि खिडकीवरच्या पोराला म्हणाली, "शंभराव्या वर्षी उभं राहवत न्हाई बाबा." तेव्हा तिला सत्त्याऐंशी चालू होतं. नोटांबरोबर तिनं काही भोकाचे पैसेही खिडकीतून आत सरकवले. म्हणाली, बदलताच आहात तर हेही बदला. १९५७ साली सरकारनं आण्यांचे नवे पैसे केले तेव्हाही आपण फसवले गेलो, हे तिचं जुनं दुखणं होतं. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा करताना प्रत्येक आण्यामागे पाव पैसा कुणीतरी खाल्लाय, आणि तो कुणी खाल्ला याचा हिशेब तिला दिल्लीकडून हवा होता.

तिच्या आयुष्यातलं सर्वांत सुखाचं वर्ष विचाराल तर मी लग्नाचं नाही म्हणणार, २०२२ म्हणेन. त्या ऑगस्टात राज्य सरकारनं पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांना एसटी फुकट केली. आज्जी त्र्याण्णवाव्या वर्षी आधार कार्ड ब्लाउजमध्ये घालून घराबाहेर पडली ती जवळजवळ घरी यायचीच थांबली. आज मिरज, उद्या तासगाव, परवा औदुंबर. काम काही नाही. नरसोबाच्या वाडीला तर वाऱ्या सुरू झाल्या. दत्ताचं दर्शन पाच मिनिटांत आटपायचं आणि मग बासुंदी. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या बाईनं बासुंदी खायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण डॉक्टर सांगलीचे, वाडी कोल्हापूर जिल्ह्यात. तिथं त्यांचं चालत नाही, असा तिचा कायदा.

कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट द्यायचा. नाही दिलं तर ती मागून घ्यायची. "फुकट हाय म्हणून बिनतिकिटाचा जाऊ व्हय?" येताना पिशवीत कृष्णाकाठची वांगी असायची. मंडईतली बाई वजन करेपर्यंत आज्जी एकेक वांगं देठाकडून दाबून बघायची. देठाचे काटे बोटाला टोचले तर ठेवायचं, नाही तर परत टोपलीत. घरी आल्यावर चार चिरा, आत शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं आणि तिचं तिखट. मसाला भरताना ती कुणाशी बोलायची नाही. दिवसातला तेवढाच वेळ घरात शांतता असायची.

आणि क्रिकेट. विजय हजारे सांगलीचे, हे ती आल्यागेल्याला सांगायची, पण ते जुनं झालं. पुढे माधवनगरची स्मृती मानधना खेळायला लागली आणि आज्जीला आपलं माणूस मिळालं. २०१७ च्या वर्ल्ड कपच्या फायनलला स्मृती शून्यावर गेली आणि भारत नऊ धावांनी हरला, तेव्हा आज्जी जेवली नाही. "पोरीला सकाळी कायतरी खायला घालायला पाहिजे होतं, लॉर्ड्सवर काय देतात कुणास ठाऊक." २०२३ च्या फेब्रुवारीत महिलांच्या प्रीमियर लीगचा लिलाव झाला आणि सगळ्यात मोठी बोली स्मृतीवर लागली. तीन कोटी चाळीस लाख. मी आज्जीला मोठ्या आवाजात सांगितलं. दिवाणजींची बायको ती. आकडा ऐकून हबकली नाही. तिनं एवढंच विचारलं, "रुमालाखाली, का उघड?" उघड, म्हणालो. तर म्हणाली, "मग फसली पोरगी. रुमालाखाली चार गेली असती." पुढे स्मृतीचा संघ त्या मोसमात पहिले पाच सामने ओळीनं हरला. त्याचं खापर तिनं बाकीच्या दहा जणींवर फोडलं.

त्याच वर्षी ती गेली. २०२३ ला श्रावण अधिक होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे असतात. आत्यांचे यजमान आले, तेहतीस अनारशांचं ताट झालं, आणि त्यातले बरेच आज्जीनंच संपवले. निज श्रावणात तिला ताप आला. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "आजी, वय काय तुमचं?" आज्जी म्हणाली, "आधी बिल सांग." दोन दिवसांनी झोपेतच गेली. जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं तेराव्याच्या जेवणाचा बेत सांगून ठेवला होता: जिलेबी नको, दात नसलेले फार येतील, पुरणपोळी करा, कटात मिरी कमी घाला, आणि पन्हळवालीला पहिल्या पंगतीला बसवा, नाहीतर गावभर बोलत सुटेल.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. आमच्याकडे प्रत्येक जण तयारीनं आला होता. कावळा शिवला नाही तर काय काय कबूल करायचं, हे सगळ्यांनी मनात ठरवून ठेवलेलं. काका घर न विकण्याचं वचन देणार होते. आत्या भावंडांत न भांडण्याचं. माझ्या भावानं सिगारेट सोडायची तयारी केली होती, डोळे पुसून पुढे झाला होता. गुरुजींनी हात मागे घेतला न घेतला तोच तीन कावळे आले आणि पिंड घेऊन गेले. कुणाला तोंड उघडायला सवड मिळाली नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी गच्चीवर आज्जी कावळ्यांना भाकरी घालायची. आमचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. ते ओळखीचेच असणार. सिगारेट अजून चालू आहे, आणि घराचं गिऱ्हाईक काकांकडे येऊन गेलं.

मग ट्रंक उघडली. सोनंनाणं निघेल अशी काहींची आशा होती. निघालं ते असं: दोन नऊवाऱ्या, भोकाचे पैसे, पत्त्यांचे तीन जोड, त्यांतल्या एकात पाच एक्के, एसटीच्या शून्य रुपयांच्या तिकिटांचा गठ्ठा, रबर लावून, चिंचोक्यांनी भरलेला डबा आणि आजोबांच्या दुकानातली लाल कापडाची लांबडी चोपडी. चोपडी पानापानावर भरलेली, आणि सगळी मोडीत. घरातल्या कुणाला कळू नये याची पक्की सोय.

मोडी वाचणारं माणूस शोधणं आता सोपं नाही. शेवटी काकांचे ते मित्र, पैशाचा मोह नव्हता म्हणणारे मास्तर, त्यांना मोडी येते असं निघालं. ते आले, चष्मा लावला, आणि मोठ्यानं वाचायला लागले. डाव्या बाजूला जमा: मिरज एसटी जाऊन-येऊन, वाडी जाऊन-येऊन, न दिलेलं भाडं पैशापैशासह जमा धरलेलं. उजवीकडे मेंढीकोट. तारीख, भिडू, कोट किती, चिंचोके किती, आणि पुढे ज्याच्या नावे पडले त्याचं नाव. गल्लीतले दोन नगरसेवक निघाले, एक भटजी, बँकेचा एक मॅनेजर, माझे वडील, पन्हळवाल्या काकू, म्हणजे भांडणाआधीच्या. मास्तर रंगात येऊन वाचत होते. एका पानावर थांबले. चष्मा पुसला. म्हणाले, "हे अक्षर नीट लागत नाही." काकांनी आकडा तेवढा पाहिला, आकडे सगळ्यांनाच वाचता येतात. रक्कम चोपडीतली सर्वांत मोठी होती आणि १९७८ पासून थकलेली होती. मास्तरांनी चहा अर्धा टाकला.

माझं पान कोरं आहे, कारण मी नेहमी तिच्या बाजूनं खेळायचो.

बाकी हिशेब काकांनी आता देवनागरीत उतरवून घेतलाय. तेव्हा गावभागात आमच्या ओसरीवर ज्यांनी ज्यांनी कधी पत्ते खेळले असतील त्यांनी येऊन आपलं खातं पाहून जावं. चिंचोक्याचा दर आज्जीनंच लिहून ठेवलाय: १९८५ पर्यंत पाच पैसे, त्यापुढे चार आणे, २००० नंतर रुपया. व्याज धरलेलं नाही. रोख चालेल, वाडीची बासुंदीही चालेल. पण तिच्याबद्दल चार गोड शब्द बोलून हिशेब मिटवू पाहणाऱ्यांनी कृपया येऊ नये, ते खातं तेराव्यालाच बंद झालंय.